अर्धी प्लेट, अख्खं इंदूर

उज्जैन आणि ओंकारेश्वर एकाच फेरीत करायचं ठरलं की महाराष्ट्रातला माणूस बहुधा इंदूरला उतरतो. इथून उज्जैन साधारण ५५ किलोमीटर, ओंकारेश्वर ८०च्या आसपास. त्यामुळे कित्येकांच्या लेखी इंदूर म्हणजे बॅग ठेवायची आणि आंघोळ उरकायची जागा. मग कधीतरी गणित बिघडतं. दोन्ही दर्शनं ठरल्यापेक्षा लवकर होतात आणि परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं असतं. बरोबर येणारा ऐनवेळी गळतो. कामासाठी आलेल्याचं काम सकाळी दहालाच ‘पुढच्या आठवड्यात बघू’वर जातं. एक अख्खा दिवस हातात येतो आणि तो वाटून घ्यायला कोणी नसतं.

असा दिवस बरेच जण लॉजच्या खोलीत, मोबाइल चार्जिंगला लावून, त्याच मोबाइलमध्ये बघत काढतात. रात्री खालच्या हॉटेलात एक पनीरची भाजी, तीन रोट्या. निम्मी भाजी वाटीत तशीच. इंदुरात येऊन हे करणं म्हणजे पंढरपूरला जाऊन लॉजच्या गच्चीवरूनच कळसाला हात जोडणं.

एकट्यानं खायला संकोच वाटतो, लोक बघतात, अशी कारणं सांगितली जातात. खरी अडचण साधी आहे: पोट एक आणि मेन्यूकार्ड चौघांचं. हॉटेलातली भाजी दोघातिघांच्या बेतानं येते, त्यामुळे एकट्या माणसाची दिवसभरात जेमतेम दोन पदार्थांशी ओळख होते. इंदूरनं ही अडचण परस्पर सोडवून ठेवली आहे. इथलं निम्मं खाणं टेबलावर नाही, ओट्यावर आहे. आणि जिलेबी-शेवेच्या दुकानात ग्रॅमची भाषा चालते. ‘पचास ग्राम जलेबी देना’ म्हटलं तर दुकानदार मान वर करून बघतसुद्धा नाही. आपल्याकडे पाव किलोच्या खाली काही मागताना जीभ अडखळते. तो संकोच स्टेशनवरच सोडून यावा. चाटच्या ठेल्यावर ‘हाफ’ मिळेल का, हे बेधडक विचारावं. नाहीच मिळालं तरी बिघडत नाही. सोबत मिळण्याची सोय नेमकी तिथेच आहे, पण ते रात्रीचं. आधी सकाळ.

सकाळ पोह्यांची. अकरापर्यंत पोहे मिळतात, पण आठच्या सुमाराला जावं. त्या वेळी गाडीभोवती मुलांना शाळेत सोडून परतणारे बाप, फिरून आलेले पेन्शनर, दुकान उघडायला निघालेले व्यापारी असे सगळे एकाच परातीकडे तोंड करून उभे असतात, आणि कोणीच बसलेलं नसल्यामुळे एकटा कोण आणि एकत्र आलेले कोण, हे कळतही नाही.

इंदुरी पोहे हे कांदेपोह्यांच्या नात्यातले, पण वेगळ्या घरात वाढलेले. कांदा फोडणीत पडत नाही, वरून कच्चा येतो. फोडणीत बडीशेप असते. परात उकळत्या पाण्याच्या भांड्यावर बसवलेली असते, म्हणून तासभरानंही पोहे मऊ आणि गरम, आणि बोटाला तेल लागत नाही. ओल्या खोबऱ्याच्या जागी शेव, आणि तीही भुरभुरलेली नव्हे, चांगली मूठभर. शेवटी जिरावन: जिरं, काळं मीठ, आमचूर आणि इतर मसाल्यांची आंबटखारी पूड, जी इंदूरकर पोह्यांपासून पेरूपर्यंत कशावरही टाकतात. शेजारी जिलेबीचं एखादं कडं. एक घास पोह्यांचा, एक तुकडा जिलेबीचा, असं आलटूनपालटून खायचं असतं. जिलेबी शेवटी ‘गोड’ म्हणून राखून ठेवणारा पाहुणा लांबूनही ओळखू येतो. ज्याला सकाळीच तिखट हवं त्यानं राजवाड्याच्या बाजूला उसळपोहे शोधावेत. नागपूरच्या तर्रीपोह्यांची आठवण येईल. मात्र शेव इथेही चुकत नाही.

बोलणं कसं सुरू करायचं, हा प्रश्न बुजऱ्या माणसाला पहिल्या घासाआधीच पडतो. ‘यहाँ क्या फेमस है?’ हा प्रश्न वाया जातो. उत्तर म्हणून पाटीवरचीच नावं परत मिळतात. त्यापेक्षा शेजारच्याच्या द्रोणाकडे बघून ‘ये ऊपर क्या डलवाया आपने?’ असं विचारावं. मग माणूस खुलतो, कारण विषय शहराचा नसून त्याच्या आवडीचा असतो. इंदूरकराला पोह्यांविषयी मत असतंच आणि ते बहुतेकदा असं असतं की, इथले ठीक आहेत, खरे पोहे आमच्या घराजवळच्या नाक्यावर. तो नाका लिहून घ्यावा. लगेच जायलाच हवं असं नाही, पण लिहून घेतला की समोरचा आणखी दोन नाके सांगतो आणि बिनआखणीच्या दिवसाला आपसूक आकार येतो.

‘भिया’ हा शब्द दिवसभर कानावर पडेल. भैयाचं हे इंदुरी रूप. पाहुण्यानं पहिल्याच वाक्यात तो वापरू नये. पुणेकरानं कोल्हापुरात बसमधून उतरताउतरता ‘भावा’ म्हणावं, तसं ते ऐकू येतं. संध्याकाळपर्यंत तो आपोआप तोंडात बसतो.

मराठी माणसाच्या खिशात इथे एक नाणं जास्तीचं असतं. मल्हारराव होळकरांपासून या शहरात मराठी घरं आहेत. बसस्थानकाचं नाव सरवटे, जुन्या मराठी वस्त्यांची नावं रामबाग, नारायणबाग. चिपळूणला जन्मलेल्या सुमित्रा महाजन १९८९ ते २०१४ अशा सलग आठ निवडणुका इथून लोकसभेवर निवडून आल्या, आणि इंदुरात नुसतं ‘ताई’ म्हटलं तरी कोणाबद्दल बोलणं चाललंय ते कळतं. तेव्हा एक सोपी युक्ती करून बघावी: चहाच्या टपरीशी उभं राहून घरी फोन लावावा आणि नेहमीच्या आवाजात मराठीत बोलावं. फोन ठेवताच ‘महाराष्ट्रातून आलात?’ असं कोणी विचारण्याची शक्यता बरीच असते. पुढचं संभाषण ‘काय, फिरून राहिलात का?’ अशा मराठीत होईल. ते सुधारायला जाऊ नये. अडीच शतकांहून जास्त काळ माळव्यात राहिलेलं ते मराठी आहे. सदाशिव पेठेच्या मापानं ते मोजण्यात दोघांचाही वेळ जातो आणि चहा गार होतो तो वेगळाच.

दुपारी मोह होतो दालबाफल्यांचा. इथे मात्र सावध. कणकेचा गोळा आधी पाण्यात उकडायचा, मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायचा, मग फोडून तुपात बुडवायचा, हा बाफला. बरोबर डाळ, कढी, चटणी आणि चुरम्याचा लाडू. वाढणारा आग्रह करतो आणि तूप मोजत नाही. दुसऱ्या बाफल्यापर्यंत आपण खातो. तिसऱ्यानंतर तो आपल्याला खाली बसवतो. ज्याचा मुक्काम दोन दिवसांचा आहे त्यानं खुशाल खावेत आणि संध्याकाळ रद्द करावी. एकच दिवस असेल तर दुपार रिकामी ठेवावी: एखादं फळ, पेलाभर ताक आणि सरळ खोलीवर जाऊन दोन तास झोप. खाण्याच्या दिवसात झोपेला जागा ठेवायची हे चमत्कारिक वाटेल, पण सराफ्याची, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊगल्लीची, खरी रंगत साडेनऊनंतर चढते आणि मध्यरात्र उलटली तरी ओसरत नाही. दुपारी न झोपलेला माणूस अकरालाच जांभया देत रिक्षा शोधू लागतो.

झोपेच्या आधी किंवा नंतर तासभर पाय मोकळे करायला राजवाडा आहेच. सात मजल्यांचा, खालचे तीन दगडी, वरचे लाकडी. आतापर्यंत तीनदा जळला, शेवटचं १९८४ साली. तिथून चालत इतवारिया बाजारातलं काचमंदिर गाठता येतं. सेठ हुकुमचंदांनी बांधलेल्या या जैन मंदिरात भिंती, खांब, छत, सगळीकडे काचकाम आहे. दोन्ही ठिकाणं बघण्यासारखी आहेत, पण आजच्या दिवसात त्यांचं मुख्य काम भूक लावणं.

पाच-साडेपाचला छप्पन दुकान. न्यू पलासियातली ही ५६ दुकानांची रांग. गाड्यांना मज्जाव असल्यामुळे मोकळेपणी हिंडता येतं. इथे बसायला जागा आहे, उजेड लख्ख आहे आणि कॉलेजच्या पोरांपासून आजी-नातवंडांपर्यंत सगळे दिसतात. शहरात पहिल्यांदाच आलेल्या एकट्या बाईला संध्याकाळची सुरुवात करायला ही जागा सराफ्यापेक्षा सोयीची. विजय चाट हाउसचं खोपरा पॅटिस ही इथली ठरलेली वस्तू: बटाट्याचं आवरण, आत खोबऱ्याचं सारण, गोल तळलेलं, वर चटणी. एक घ्यावं. एकच. जॉनी हॉट डॉगकडे गेलं तर अमेरिकन सिनेमातला लांबोडका प्रकार मनात ठेवून जाऊ नये. इथला हॉट डॉग गोल बनमधला आणि पूर्णपणे इंदुरी. बनमध्ये ऑम्लेट घातलं की त्याचा ‘बेंजो’ होतो. आणि कुठेही शिकंजी मागवली तर लिंबूसरबताची वाट पाहू नये. समोर येतं ते आटवलेल्या दुधाचं, किंचित आंबूस, केशर-वेलची-सुकामेवा घातलेलं दाट पेय. पेलाभर प्यायलं की अर्धं जेवण झालं. हा धक्का बसलेले मराठी प्रवासी थोडेथोडके नाहीत.

आता बडा सराफा.

दिवसा इथे सोन्याचांदीच्या पेढ्या. रात्री आठ-नऊला शटर पडतात आणि त्याच पेढ्यांच्या ओट्यांवर, बंद शटरला पाठ लावून, कढया चढतात. गल्लीत रात्री उशिरापर्यंत वर्दळ राहिली तर चोराचिलटाची भीती कमी, म्हणून सराफांनीच हे खाणं इथे रुजू दिलं असं सांगतात. खरंखोटं कोणी तपासत बसत नाही, तोवर हातात काहीतरी गरम आलेलं असतं.

सराफ्याचा पहिला नियम: पहिली फेरी हात मागे बांधून. या टोकापासून त्या टोकापर्यंत न खाता चालत जावं आणि फक्त बघावं. कुठली कढई सतत चालू आहे, कुठे तळलेलं आधीपासून रचून ठेवलंय, कुठे इंदुरी लोक उभे आहेत आणि कुठे फक्त मोबाइल वर धरलेले. नवखा माणूस पहिल्याच ठेल्यावर फुल प्लेट घेतो आणि तिसऱ्या ठेल्यावर पोटाला हात लावून उभा राहतो. शनिवार-रविवारी ही पहिली फेरी ढकलाढकलीत करावी लागते. शक्य असेल तर अधलामधला वार आणि साडेनऊची वेळ गाठावी.

सुरुवात थंड आणि हलक्यानं करावी, म्हणजे दहीवड्यानं. जोशी दहीबडा हाउसपुढची गर्दी केवळ चवीची नाही. द्रोणात वडा, वर घोटलेलं दही, आणि मग तो भरलेला द्रोण सरळ हवेत उडतो, गिरकी घेतो आणि थेंब न सांडता हातात परततो. खरी करामत मात्र त्यानंतरची, आणि ती बघायला अगदी पुढे उभं राहावं लागतं. मीठ, तिखट, जिरं असे वेगवेगळे मसाले एकाच चिमटीत उचलले जातात आणि बोटं हलवत एकेक करून सोडले जातात: आधी पांढरा, मग लाल, मग तपकिरी, एकमेकांत न मिसळता. बघणाऱ्यांत हमखास कोणीतरी ‘फिर से!’ म्हणून ओरडतं. अशा ठिकाणी ओळख करून घ्यावी लागत नाही. शेजारच्याकडे बघून हसू येतं आणि तेवढं पुरतं.

मग भुट्टे का कीस. मक्याचं कोवळं कणीस किसून तुपाच्या फोडणीवर परतायचं आणि दूध घालून आटवायचं. वर लिंबू, कोथिंबीर. दिसायला साध्या उपम्यासारखं, खाताना गोडसर, तिखट आणि भरपूर जड. इथे ‘हाफ’चा आग्रह धरावा. साबूदाणा खिचडी मराठी माणसानं मुद्दाम खावी, कारण आपल्या खिचडीशी तिचं पटत नाही. वाफवलेला मोकळा साबूदाणा मोठ्या भांड्यात असतो. गिऱ्हाईक आलं की त्यात बटाटा, मिरची, मसाला, लिंबू आणि फराळी चिवडा घालून तिथल्या तिथे कालवतात. कढईत परतणं नाही, दाण्याच्या कुटाचा राज्याभिषेक नाही. एकादशीच्या खिचडीवर लहानाची मोठी झालेली मंडळी पहिल्या घासाला नाक मुरडतात आणि चौथ्याला गप्प होतात. थंडीत आलं तर गराडू चुकवू नये: कोनफळाच्या जातकुळीतला हा कंद, त्याचे चौकोनी तुकडे कुरकुरीत तळून वर जिरावन आणि लिंबू पिळलेलं. उन्हाळ्यात तो मिळत नाही, मागून दुकानदाराला कानकोंडं करू नये.

आणि जलेबा. नावातच आहे, जिलेबीचा पुरुषावतार. एकच कडं पाव किलोच्या घरातलं, कढईतून काढताना दोन झारे लागतील असं. एकट्याला ते संपत नाही, आणि म्हणूनच एकट्यानं त्या रांगेत उभं राहावं. पुढचं कुटुंब किंवा मैत्रिणींचा घोळका हाच हिशेब करत असतो: एक जास्त, दोन तर फारच. तिथे ‘एक लेके बाँट लें?’ असं विचारून बघावं. लाजण्यासारखं त्यात काही नाही, उलट त्यांचीही अडचण सुटते. रीत एवढीच पाळावी की आपल्या वाट्याचे पैसे आधी द्यावेत, तुकडे दुकानदाराकडूनच करून घ्यावेत आणि आपला वाटा आपल्या द्रोणात घ्यावा. एकदा गोड वाटून खाल्लं की पुढच्या ठेल्यावर त्यांचा गराडू आपल्याकडे सरकतो आणि आपली रबडी त्यांच्याकडे. पाच जणांच्या घोळक्यात शिरलेला सहावा माणूस प्रत्येक पदार्थाचे दोन-दोन घास खातो. एकटा असता तर चार पदार्थांत गार झाला असता, तो दहा चाखून परततो.

हे न जमण्याचीही तयारी हवी. काही लोक हसून नाही म्हणतील, काही जण आपापसात भांडत असतील. मग पन्नास ग्रॅम साधी जिलेबी घ्यावी आणि पुढे सरकावं. सोबत मिळाली तर ती सोडायचीही एक वेळ असते. दोन, फार तर तीन ठेल्यांनंतर ‘मैं ज़रा आगे देखता हूँ’ म्हणून बाजूला व्हावं. त्यांनी थांबवलं तर थांबावं. न थांबवलं तर वेळेवर निघालो असं समजावं. घरच्या मंडळींत दिवसभर चिकटून राहणारा पाहुणा इंदुरातही कोणाला आवडत नाही.

सावधगिरीचं थोडकं, पण ते टाळू नये. अनोळखी माणसाबरोबर खायचं ते ठेल्यावरच, दुकानदाराच्या हातून आपल्या हातात आलेलं. कोणाच्या पिशवीतलं किंवा आधीच ओतून ठेवलेल्या पेल्यातलं नाही. ‘घर चलिए, माँ के हाथ का खाना’ हे आमंत्रण मनापासूनही असू शकतं, पण रात्री बाराला त्याचं उत्तर एकच: उद्या सकाळी, चहाला, उजेडात. एकट्या बाईनं घोळका निवडताना बायका-मुलं असलेला निवडावा आणि परतीची टॅक्सी सराफ्याच्या आत उभं राहून न मागवता राजवाड्याच्या मोठ्या चौकात येऊन मागवावी. आतल्या गल्लीत गाडी शिरत नाही आणि ड्रायव्हर फोनवर फोन करत राहतो. मुक्काम राजवाडा किंवा स्टेशनच्या बाजूला घेतला तर हे अंतर अगदी थोडं आहे. पाण्याची बाटली आपली. जे डोळ्यांदेखत तळलं, भाजलं जातंय ते आधी. कापून ठेवलेली फळं आणि कोमट चटण्या शेवटी किंवा नाहीच. यूपीआय सगळीकडे चालतं, पण गर्दीत नेटवर्क रुसलं की दहा-वीसच्या नोटाच कामी येतात. रंगपंचमीला आलात तर राजवाड्यापुढे ‘गेर’ निघते, पाण्याच्या तोफा आणि गुलालाचे ढग. त्या दिवशी खाण्याचा बेत संध्याकाळवर ढकलावा आणि परत न घालण्यासारखे कपडे घालावेत.

रात्री खोलीवर आल्यावर लगेच आडवं होऊ नये, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. दुसऱ्या दिवशीची गाडी सकाळची असेल तर स्टेशनकडे जाताना पोह्यांचा आणखी एक द्रोण सहज होतो, आणि आदल्या दिवशी लिहून घेतलेल्या नाक्यांपैकी एखादा वाटेतच निघतो. घरी न्यायला लवंगी शेव घ्यावी. प्रवासात मोडते, चवीत फरक पडत नाही. जिरावन मात्र दोन पिशव्यांत नीट बांधून घ्यावं. एका पिशवीतलं जिरावन बॅगेतल्या सगळ्या कपड्यांना आपला वास लावतं आणि सोमवारी ऑफिसात इस्त्रीचा शर्ट घालून बसलं की शेजारच्या टेबलावरून हळूच विचारणा होते, ‘चिवडा आणलाय का कोणी?’